लेकाच्या तिशीला आपल्याच वावरातला कापूस

आमच्या पिढीला वाढदिवस नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख एक जुलै लिहिली, यांचीही एक जुलैच. गावात आमच्या वयाच्या कितीतरी जणांची तीच आहे. लेकाची तारीख मात्र पक्की. तो सेवाग्रामच्या दवाखान्यात झाला, वेळेसकट लिहून मिळालं. येत्या फेब्रुवारीत त्याला तीस पूर्ण होणार, हे पोळ्याच्या सुमारास माझ्या मनात आलं आणि तेव्हापासून एकच विचार सुरू झाला, की याला द्यावं काय.

आपल्याकडे पहिला वाढदिवस थाटात होतो, त्यानंतर एकदम एकसष्टी. तिशीचं काही नाही. पण आमच्या घरात तिशीला अर्थ आहे. हे तीस वर्षांचे असताना माझे सासरे गेले आणि सगळं वावर, कर्ज, बैलजोडी, नणंदेचं लग्न यांच्या अंगावर आलं. त्या वयात आपला लेक आता पोचतो आहे, तो धडधाकट आहे, कमावतो आहे, त्याच्या डोक्यावर तसा भार नाही, याचा मला फार आनंद होता. तो आनंद त्याच्या हातात देता येईल अशी वस्तू मला हवी होती.

फोनवर विचारलं तर म्हणाला, "माय, मले काई नको. सारं आहे माह्याजोळ." खरंच आहे. मोठ्या झालेल्या लेकाला काही देणं अवघड असतं ते याचसाठी. लागेल ते तो स्वतः घेतो, आणि आपल्यापेक्षा चांगलं घेतो.

सोन्याची अंगठी आधी मनात आली. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलेला, तरी जमवलं असतं. पण तो चाकणला कारखान्यात मशीनवर असतो. तिथे बोटात अंगठी चालत नाही, लग्नातलीही तो काढूनच ठेवतो. घड्याळ सासरकडून मिळालेलं. पाकिटात रोख द्यावी, तर पुढच्या महिन्यात खताच्या नावाने तेवढेच पैसे तो आमच्याच खात्यात टाकणार.

हे म्हणाले, "दोन एकर त्याच्या नावाने करून टाकू." यावर आमचं बरंच बोलणं झालं. पोटच्या लेकराला शेतजमीन बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क दोनशे रुपयेच असतं, वरचा अधिभार वेगळा. म्हणजे खर्चाची अडचण नव्हती. माझं म्हणणं दुसरंच होतं. जमीन वडिलोपार्जित आहे, आणि २००५ च्या कायद्यानंतर तिच्यात लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. वाटणी करायची तेव्हा दोघांना समोर बसवून करू. हिश्शाला भेट म्हणू नये. यांना ते पटलं.

दिवाळीआधी कापूस फुटला. पहिल्या वेच्याला दरवर्षीसारखी सीतादही, म्हणजे वेचणीची पूजा, केली. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि बाया ओळीने लागल्या. ओटीत कापूस भरताना मला वाटलं, या लेकाचं सगळं याच्यावर झालं. दहावीनंतरची फी, नागपूरची खोली, मेसचे पैसे, पहिला लॅपटॉप. कापूस विकला की भरायचं, हेच आमचं वेळापत्रक. आणि एवढ्या वर्षांत त्याच्या अंगाला आमच्या वावरातला एक धागा लागलेला नाही. कापूस सरकी काढायला जिनिंगला जातो, गाठी होतात, गाठी कुठल्या कुठे जातात. कपडा आपण दुकानातून आणतो. आमचा तालुका हिंगणघाट. एकोणिसाव्या शतकात इथल्या बनी कापसाचं नाव विलायतेपर्यंत होतं, आणि आम्ही मात्र कापूस पिकवून परक्या कापसाचे सदरे घालतो.

तिथेच ठरलं. आमच्या वावरातल्या कापसाचा सदरा त्याला द्यायचा.

ठरवणं सोपं होतं, करणं लांबलचक. वर्ध्याकडे खादीत आयुष्य घालवलेल्या एक ताई आमच्या नात्यातल्यांच्या ओळखीच्या. त्यांना जाऊन भेटले. वर्ध्याला खादीची माणसं अजून आहेत हे आमचं भाग्य. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय तिथेच आहे. लहानपणी शाळेतून गेले होते, तेव्हा चरख्यांचे प्रकार पाहून दमले होते. ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कापूस कोणत्या वेच्याचा आणता?"

त्यांनी सांगितलेला हिशोब असा. एका सदऱ्याला अडीच-तीन मीटर कापड पुरतं, पण मागावर तेवढाच ताणा, म्हणजे उभे धागे, कोणी लावत नाही. ताणा चढवायलाच इतकी मेहनत असते, आणि त्याचा शेवटचा तुकडा विणता न येता वायाच जातो, की दहाएक मीटर तरी विणावं लागतं. त्याला दीड किलोच्या आसपास सूत लागेल. पिंजण्यात आणि कातण्यात थोडी घट येते, म्हणून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, दोन किलो धरा. आणि कापसात रुई साधारण तिसरा हिस्सा, बाकी सरकी. म्हणजे सहा किलो कापूस. शासनाचा लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता, त्या भावाने सहा किलोचे पाचशे रुपयेही होत नाहीत. पण मला तो सहा किलो कापूस सगळ्या पिकापेक्षा मोलाचा झाला.

दुसऱ्या वेच्याचा घेतला. पहिल्या वेच्यातली खालची बोंडं पावसात थोडी डागाळली होती, आणि शेवटच्या वेच्याचा धागा आखूड, कमजोर. दव वाळल्यावर, ऊन चांगलं पडल्यावर मी एकटीने वेचला. कवडी, म्हणजे नीट न फुललेला कापूस, बाजूला, वाळलेलं पान बाजूला. ताईंनी बजावलं होतं की खताच्या नाहीतर प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका. त्या पोत्याचे बारीक तंतू कापसात मिसळले की सूत तिथे तुटतं, आणि रंगही धरत नाही. म्हणून जुन्या सुती लुगड्यात गाठोडं बांधलं. डोक्याला घट्ट रुमाल, केस पडू नये म्हणून.

सरकी काढणं हे सगळ्यात किचकट काम. जिनिंगमध्ये ट्रॉल्या ओतल्या जातात, तिथे माझं गाठोडं कोण वेगळं ठेवणार? वातींसाठी आपण हाताने सरकी काढतो, पण ती मूठभर. ताईंनी सळई-पाटा दाखवला. लाकडी पाट, त्यावर कापसाचा एक लहान पुंजका ठेवायचा, आणि लोखंडी गोल सळई दोन्ही तळव्यांनी दाबत पुढे लोटायची. सरकी टपकन पुढे पडते, रुई सळईच्या मागे राहते. कापूस आधी उन्हात तापवलेला हवा, नाहीतर सरकी सुटत नाही. आताच्या वाणांच्या सरकीवर लव असते, ती तंतू चिवट धरून ठेवते, त्यामुळे जोर लागतो. सुताराकडून पाट करून घेतला, सळई लोहाराने घासून दिली. मार्गशीर्ष-पौषात संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की बसायची. शेजारची जाऊबाई यायची, कधी हेही बसायचे. यांचे हात वखराचे, पण सळई यांच्या हाताला लवकर वळली. सरकी गाईला गेली.

रुई ताईंकडे पोचवली. तिथे ती पिंजून त्यांनी तिचे पेळू, म्हणजे कातायच्या वळ्या, केले, करंगळीएवढे जाड, हाताला जाणवणारही नाहीत इतके हलके. सूत त्यांच्याकडच्या कातणाऱ्या बायांनी पेटीचरख्यावर काढलं. वीस नंबरचं, म्हणजे किलोत हजार मीटरच्या वीस गुंड्या भरतील असं. सदऱ्याला ते जरा जाड वाटेल का, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, "पहिल्या दहा धुण्यांनंतर विचारा."

मी म्हटलं, एक गुंडी तरी मी कातते. लहानपणी आमच्या शाळेत टकळीचा तास असे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम निघाली, आणि आमच्याकडच्या शाळांत कताईची सवय त्यानंतर बरीच वर्षं राहिली. ती सवय बोटांत शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं. चरखा उजव्या हाताने फिरवायचा, डाव्या हातात पेळू. चातीच्या, म्हणजे चरख्यावरच्या फिरत्या सळईच्या, टोकाला सूत लावून हात मागे न्यायचा, आणि नेताना पेळू अजिबात दाबायचा नाही. दाबला की गाठ येते, सैल सोडला की धागा तुटतो. पीळ पुरेसा बसला की हात वर करून धागा चातीवर गुंडाळायचा. सगळं कसब त्या डाव्या हाताच्या दोन बोटांत. एकदा हात मागे गेला आणि त्याच्याबरोबर सरळ, सलग धागा निघत राहिला, तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येत नाही. माझी गुंडी झाली. कुठे जाड, कुठे बारीक, पण झाली.

विणकरभाऊंनी ती हातात घेऊन ओढून पाहिली. "हे ताण्यात टिकत नाही बाई, फणीत तुटन. बाण्यात टाकतो." ताण्याच्या सुताला खळ लागते, ते ताणून धरलेलं असतं आणि फणीचा प्रत्येक ठोका सोसतं. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, तेवढा त्रास नाही. त्यांनी ताण्यासाठी दोन धागे एकत्र पिळून दुबटा केला आणि माझं सूत कापडाच्या एका टोकाला बाण्यात घातलं. धोटा इकडून तिकडे जाताना तो पट्टा वेगळा उमटत गेला, बारीक गाठीगाठींचा.

रंगाबद्दल यांचं मन पळसावर होतं. फेब्रुवारीत आमच्याकडे पळस फुलू लागतो, लेकाचा वाढदिवस तेव्हाचाच. पण पळसाचा पिवळा रंग दिसायला गोड असला तरी उन्हात टिकत नाही, असं ताईंनी सांगितलं. हिरड्याचा, डाळिंबाच्या सालीचा टिकतो. शेवटी काहीच रंग दिला नाही. ब्लीचही नाही. कापसाचा स्वतःचा जो थोडा पिवळसर पांढरा रंग असतो तोच ठेवला. वावरात दिसतो तसाच दिसला पाहिजे, हे मला महत्त्वाचं होतं.

माप चोरून घ्यावं लागलं. सूनबाईला सांगितलं, तिने दिवाळीत त्याचा एक अंगाला नीट बसणारा शर्ट इथेच ठेवून दिला. शिवायला गावातलेच टेलरकाका, ज्यांनी त्याचे शाळेचे सगळे गणवेश शिवले. हातकताईचं कापड पाण्यात आटतं, म्हणून कापण्याआधी रात्रभर भिजवून सावलीत वाळवलं. असं कोणाला करायचं असेल तर हे विसरू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या वर येतील. आणि चार महिने तरी हाताशी ठेवा. हे काम घाईचं नाही, कातणाऱ्या बायांना घाई करूही नये. मजुरीत मी घासाघीस केली नाही. कताई, विणाई, शिलाई सगळं धरून मोठ्या दुकानातल्या दोन-तीन चांगल्या शर्टांएवढा खर्च आला.

माझ्या सुताच्या पट्ट्याचा खिसा करा, असं टेलरकाकांना सांगितलं होतं.

वाढदिवसाला दोघं घरी आले. पाटावर बसवून ओवाळलं, वाती त्याच कापसाच्या होत्या. सदरा हातात दिला, पण काही सांगितलं नाही. त्याने घडी उलगडली, कापड बोटांत चोळलं आणि खिशावर अंगठा थांबला.

"हे काहून असं गाठीगाठीचं?"

"ते माह्यं सूत होय. बाकीचं वर्ध्याच्या बायांचं. कापूस आपल्या वावरातला."

"कोणत्या वावरातला?"

"नाल्याकडच्या."

पाचवी-सहावीत असताना रविवारी तो तिथेच वेचायला यायचा. काही बोलला नाही. अंगातला शर्ट काढून तिथेच सदरा घातला, आणि यांच्या पाया पडायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग दिवसभर सदरा काढला नाही. संध्याकाळी यांच्याबरोबर नाल्याकडे चक्कर मारून आला, आणि सळई-पाटा कुठे आहे म्हणून विचारलं. माजघरात बसून त्याने स्वतः मूठभर सरकी काढून पाहिली. सून मोबाईलवर फोटो काढत होती.

उरलेल्या कापडात यांचा एक सदरा झाला आणि लेकीचा कुर्ता. लेक म्हणाली, "मले उरल्यासुरल्याचं नको, माह्या तिशीले माह्या नावाचा कापूस ठेव." बरोबरच आहे तिचं. तिची तिशी दोन वर्षांनी येते. ताई म्हणतात, देशी वाणाची सरकी मिळाली तर नाल्याकडच्या धुऱ्यालगत चार ओळी लावून पाहा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे देशी वाण आहेत. त्याचा धागा आखूड, पण हाताने कातायला तो कसा जातो ते मला बघायचं आहे. मृगाआधी सरकी हाती आली पाहिजे, म्हणून यांना आतापासूनच मागे लागले आहे. चरखा ताईंकडून घेऊन आले आहे, रोज संध्याकाळी थोडं कातते. या खेपेला माझं सूत ताण्यात चालेल असं काढायचं आहे.