पन्हाळा-जोतिबाच्या कातळावर एक दिवस

जोतिबाचा डोंगर दुरून निमुळता दिसतो, म्हणून तो विझलेला ज्वालामुखी असावा, असे कोल्हापुरात अनेक जण सहज सांगून जातात. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही तिघे हे पडताळायला निघालो आणि निम्मे उत्तर वाघबीळच्या चढावरच मिळाले. दरडीत काळ्या कातळाचे थर आडवे, एकावर एक रचलेले आहेत. हा डोंगर ज्वालामुखीच्या मुखाभोवती साचलेला असता, तर ते उतरते दिसले असते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा पसरला, त्याचे हे थर. जोतिबा आणि पन्हाळा म्हणजे पावसापाण्याने कोरून मागे उरलेले त्या पठाराचे तुकडे. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा तांबडा जांभाही त्याच कातळाच्या दीर्घ झिजेतून झाला आहे.

पृथ्वीच्या पोटातला तप्त खडक वर सरकताना त्याच्यावरचा दाब घटतो आणि तापमान न वाढताही तो वितळू लागतो. मग कुठे लाव्हा शांतपणे वाहतो, तर कुठे डोंगरच फुटतो, असे का? परतताना एका गुऱ्हाळावर थांबलो, तिथे हे नीट उमगले. पातळ रसातले बुडबुडे अलगद निघून जातात. तोच रस आटून दाट झाला की बुडबुडे अडकतात आणि फुटताना चटके देणारे शिंतोडे उडवतात. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, दाट होतो तो सिलिका या वाळूतल्या मुख्य घटकामुळे. आपल्या बेसॉल्टच्या, म्हणजे या काळ्या कातळाच्या, शिलारसात सिलिका साधारण ५० टक्के, म्हणून तो पातळ होता. १९९१ मध्ये फुटलेल्या फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या शिलारसात ती सुमारे ६५ टक्के होती, आणि त्या चिकट रसात कोंडलेल्या वायूंनी राख तीस किलोमीटरहून अधिक उंच उडवली.

थर पाहायचे असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, कारण पावसाळ्यात धुके कडे झाकून टाकते. मसाई पठारापर्यंत जाणाऱ्यांनी पाणी आणि टोपी सोबत घ्यावी. तिथे सावली जवळजवळ नाही. गडाच्या दगडाला हातोडी लावू नये. जोतिबाला मात्र रविवार आणि चैत्र पौर्णिमा टाळून जावे. त्या गर्दीत पायऱ्यांचा कातळ गुलालाखाली ओळखूही येत नाही.