डाव्या बाजूची धमनी

रुग्णाचे वय ७९ होते. प्रोस्टेट ग्रंथी ११० मिलिलिटरपर्यंत वाढली होती आणि लघवी तुंबल्यामुळे तीन महिन्यांपासून त्यांना लघवीची नळी होती. हृदय दुर्बळ असल्याने शस्त्रक्रियेसाठी भूल देणे धोक्याचे होते, म्हणून यूरॉलॉजिस्ट सहकाऱ्याने त्यांना माझ्याकडे पाठवले. जांघेतील धमनीतून सूक्ष्म नळी प्रोस्टेटच्या धमनीपर्यंत न्यायची आणि ३०० ते ५०० मायक्रॉन आकाराचे कण सोडून ग्रंथीचा रक्तपुरवठा बंद करायचा, म्हणजे ती हळूहळू आक्रसते, असा हा उपचार आहे. त्याला फक्त टोचण्याच्या जागेपुरती भूल पुरते.

उजवी बाजू तासाभरात झाली. डावीकडे मात्र ओटीपोटातील अवयवांना रक्त देणाऱ्या इंटर्नल इलियाक धमनीच्या फांद्या एकेक करून धुंडाळल्या, तरी प्रोस्टेटची धमनी सापडेना. अखेर मध्यरेषेकडे वळणारी एक नागमोडी फांदी दिसली आणि हीच ती, अशी माझी खात्री झाली. कणांची सिरिंज भरून तयार होती. तरीही नियम म्हणून त्या फांदीत रंगद्रव्य सोडून टेबलावरच कोन-बीम सीटी (क्ष-किरणांचा त्रिमितीय स्कॅन) केला, तर उजळली होती ती गुदाशयाची भिंत. कण तेथे गेले असते तर त्या भिंतीला व्रण पडण्याचा धोका होता, हे कळल्यावर काही क्षण माझे हात थंड पडले.

एकाच बाजूवर थांबता आले असते, पण मग नळी सुटण्याची आशा कमी झाली असती. मी आधीचा सीटी अँजिओग्राम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, पुन्हा उघडला. सकाळी तो मी केवळ इंटर्नल इलियाकपुरता वाचला होता, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती. मांडीच्या आतल्या बाजूकडे जाणारी डावी ऑब्ट्युरेटर धमनी त्या मुळातून निघालेलीच नव्हती. ती पायाकडे जाणाऱ्या एक्स्टर्नल इलियाक धमनीच्या इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक फांदीतून फुटून जघनास्थीवरून खाली उतरत होती. याच वाटेला शल्यविशारद 'कोरोना मॉर्टिस', म्हणजे मृत्यूचा मुकुट, म्हणतात, कारण हर्नियाच्या शस्त्रक्रियेत ती तुटली तर रक्तस्राव आवरणे कठीण जाते. प्रोस्टेटला रक्त देणारी बारीक फांदी तिच्यातूनच निघाली होती.

त्या वळणात ती सूक्ष्म नळी शिरायला चाळीस मिनिटे लागली. दुसऱ्या सीटीत ग्रंथीचा डावा भाग स्वच्छ उजळला, तेव्हाच मी कण सोडले.

दोन आठवड्यांनी नळी काढली. त्यांना स्वतःहून लघवी झाली आणि सोनोग्राफीत मूत्राशयात ६० मिलिलिटर उरलेली दिसली. "डॉक्टर, आता पिशवी नको ना?" त्यांनी दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.