कुसुम ऊर्फ सुनंदा

सकाळी सव्वाआठला मी फाइल उघडली. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कुसुम. समोर बसून चहा फुंकणाऱ्या बाईंच्या पासपोर्टवर नाव सुनंदा. आणि व्हिसा केंद्रातली अपॉइंटमेंट सव्वाबाराची.

ही गोष्ट मार्च २०२५ मधली. मावशी (ऑफिसात सगळे त्यांना मावशीच म्हणायला लागले होते) वाळवा तालुक्यातल्या. मुलगी-जावई जर्मनीत, स्टुटगार्टला. मुलीचं पहिलं बाळंतपण मेअखेरीस. मावशींनी विमान बघितलं होतं ते उसाच्या फडात उभं राहून, वर मान करून. रात्रीच्या एसटीनं निघून मुलगा त्यांना घेऊन पहाटे स्वारगेटला उतरला आणि दोघं थेट कर्वेनगरात माझ्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसले होते.

चूक आमचीच. जन्मदाखला आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, पण फोटो इतका धूसर की आमच्या ऑफिसातल्या पोरानं "मूळ प्रत घेऊन या" एवढंच कळवलं आणि यादीत टिक मारून टाकली. ती टिक बघून मीही पुढं गेले. सतरा वर्षं व्हिसा एजंटचं काम करणाऱ्या बाईनं असं करू नये.

बाकी फाइल देखणी होती, म्हणून जास्तच चरफड झाली. जावयानं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत २९ युरो भरून हमीपत्र काढलं होतं. त्याचं जर्मन नाव एका श्वासात म्हणता येत नाही, आम्ही नुसतं 'व्हीई' म्हणतो. सासूबाईंचा राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा सगळा खर्च सरकारवर पडला तर मी देईन, असं त्यात लिहून द्यावं लागतं आणि ती हमी पाच वर्षं मानगुटीवर असते. जर्मनीतून त्याची मूळ प्रतच यावी लागते, स्कॅन चालत नाही. ती कुरियरनं वेळेत आली होती. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा होता. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो होते, त्यात मावशींनी डोक्यावरचा पदर मागं घेतलेला, त्यावरून स्टुडिओत झालेला वाद मुलानं मला रंगवून सांगितला.

आणि बँक. मावशींचं खातं सहकारी बँकेत, सहा महिन्यांचा उतारा शिक्क्यासकट. त्यात एरवी किरकोळ जमा आणि फेब्रुवारीत एकदम दोन लाखांच्या वर. व्हिसा देणाऱ्याच्या नजरेत अर्जाच्या तोंडावर खात्यात आलेली मोठी रक्कम म्हणजे कुणीतरी दाखवायला उसनी टाकलेली. त्याला काय ठाऊक, उसाचं बिल असंच येतं, वर्षातून एकदोनदा, रोकडा ढीग. म्हणून कारखान्याची बिलाची पावती, सातबारा आणि दोन्हींची इंग्रजी भाषांतरं मी आधीच लावली होती. सातबारा दुसऱ्याही कारणासाठी. नकाराच्या छापील पत्रकात कारणांचे चौकोन असतात आणि मी ज्यावर सर्वांत जास्त फुल्या पाहिल्यात तो चौकोन म्हणजे 'मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका'. नवऱ्यामागं दीड एकर ऊस सांभाळणारी बाई परत का येईल, हे कागदानं बोलायला हवं.

पण आता मूळ नात्यावरच प्रश्न. मुलीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई सुनंदा, जन्मदाखल्यात आई कुसुम. फाइल स्वतःशीच भांडत होती.

"मावशी, हे कुसुम कोण?"

"मीच की. आमच्या माहेरचं नाव ते."

पहिलं बाळंतपण माहेरी, तासगाव तालुक्यात, १९९३ साली. नोंद करायला ग्रामपंचायतीत गेले ते मावशींचे वडील. लेकीचं नाव काय, असं विचारल्यावर त्यांनी पाळण्यातलं नाव सांगितलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव त्या माणसाच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं.

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जात पहिला रकाना आडनावाचा, दुसरा जन्माच्या वेळच्या आडनावाचा. युरोपातही बायकांची आडनावं लग्नानंतर बदलतात, त्यामुळं ते त्यांना सुचलं. तिसरा रकाना पहिल्या नावाचा. पण पहिलंच नाव बदललं तर? त्याला रकाना नाही. माणसाचं नावच बदलून टाकायचं, हे तो अर्जाचा नमुना बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं नसणार. मला आजवर हा घोळ भेटला तो बहुतेक आपल्याकडच्याच, साठीच्या आसपासच्या बायकांच्या फाइलींत.

आमच्या पोरानं तोडगा काढला. "मॅडम, जन्मदाखला लावूच नका ना. मुलीच्या पासपोर्टवर आईचं नाव आहे, तेवढं पुरे." मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण यादीत नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला मागितलेला होता आणि तो नसेल तर खिडकीवरची मुलगी फॉर्मवर 'कागद अपुरा' असं लिहून सही घेते. मग मुंबईच्या वाणिज्य दूतावासातला अधिकारी फाइल उघडतो तेव्हा पहिली नजर तिथंच जाते. नकार आला तर? तेव्हा जर्मनीकडं फेरविचाराचा अर्ज करता यायचा, पण त्यात महिने जायचे, तोवर नातवंड रांगायला लागलं असतं. १ जुलै २०२५ पासून तर त्यांनी ती सोयही बंद केली. आता नव्यानं अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा.

शाळा सोडल्याचा दाखला होता, त्यावर फक्त कुसुम. रेशनकार्ड, आधार, मतदान ओळखपत्र, सगळीकडं फक्त सुनंदा. लग्नाची नोंद कुणी केलीच नव्हती. राजपत्रात नावबदल छापायचा तर त्याला वेळ लागतो, मला चार तास होते. मुलगा हळूच म्हणाला, "लग्नाच्या अल्बममध्ये ताटाचा फोटो आहे, नाव वाचता येतं." मी हसले, मग वाईट वाटलं.

"मावशी, नीट आठवून सांगा. दोन्ही नावं एकाच कागदावर, सरकारी कागदावर, कुठं आलीत का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आल्यात की. भावाला जमीन लिहून दिली तवा घातली हुती दोन्ही. वकील म्हणला, घालावीच लागत्यात."

हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर वारसात लेकीचंही नाव लागलं आणि मग रीतीप्रमाणं लेकीनं हिस्सा भावाच्या नावे सोडला. २००८ सालचं, तासगावच्या दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं. मुलाला हे ठाऊक नव्हतं. तो आईकडं बघत राहिला आणि त्यांनी पदरानं कपाची कड पुसली.

मामांना फोन लागला तो तिसऱ्यांदा. ते गोठ्यात होते. ट्रंक उघडून, चष्मा शोधून, पावणेनऊला त्यांनी सात पानं पाठवली, सगळी आडवी. पहिल्याच पानावर: 'लिहून देणार, सौ. सुनंदा', पुढं सासरचं आडनाव आणि खाली 'माहेरचे नाव कुसुम', वडिलांच्या नावासकट. शेवटच्या पानावर मावशींचा फोटो आणि डाव्या अंगठ्याचा ठसा. फोटोतल्या मावशी तरुण आणि कपाळभर कुंकू लावलेल्या, पण हनुवटीवरचं गोंदण तेच. पासपोर्टच्या फोटोशेजारी धरलं तर शंकेला जागा नाही.

पुढचा तासभर मी नुसती टंकत होते. दोन पानांचं भाषांतर, अर्जासोबतच्या पत्रात एक नवा परिच्छेद: महाराष्ट्रात लग्नानंतर स्त्रीचं पहिलं नावही बदलण्याची प्रथा आहे, म्हणून हे असं आहे, मूळ दस्त मागितल्यास हजर करू. यात शोभेचं एक वाक्य घालायचं नाही, हा माझा नियम. अधिकाऱ्याला दिवसभरात ढीगभर फाइली असतात, त्याला गहिवर नको असतो.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरी साडेदहाला मिळाला. प्रतिज्ञापत्रात तो वाचत गेला, "कुसुम आणि सुनंदा या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे..."

मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "म्हंजी मी मीच हाय, असं मीच लिहून द्यायचं?"

"हो."

"आन ते मानत्यात?"

"शिक्का बघून मानतात." त्यांनी सावकाश सही केली, सुनंदा. पेन उचलता उचलता विचारलं, "कुसुम बी करू का?" नोटरी गडबडला. मी नको म्हटलं.

केंद्रात अर्जदारालाच सोडतात, एजंटनं बाहेर थांबायचं. मोबाइलही आत नाही. त्यामुळं पुढचं मला मावशींच्या तोंडून कळलं, रस्त्यापलीकडं उसाच्या रसाच्या गाड्यावर. (रस त्यांना पाणचट वाटला.) कागद घेणाऱ्या मुलीनं हक्कसोडपत्र उलटसुलट केलं, दुसऱ्या एकाला बोलावून दाखवलं, मग ठेवून घेतलं. अडलं ते बोटांशी. आधी एका हाताची चार बोटं काचेवर ठेवायची, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. मशीन लाल दिवा लावून परत मागायचं. आयुष्यभर खुरपं, राख आणि भाकरीचं पीठ. ठशाच्या रेषा राहतील कुठून? तिथल्या पोरानं ओल्या कागदानं बोटं पुसली, वरून दाबून धरली, पुन्हा पुसली. उजव्या हाताचं मधलं बोट काही केल्या उमटेना. "त्यो म्हणला, आजी, जोर लावा. मी म्हणलं, बाबा, जोर लावूनच गेलंय त्ये." शेवटी जेवढी मिळाली तेवढी घेतली. ज्यांचे ठसे मिळणं शक्यच नाही त्यांना नियमात सूट आहे, पण ती सांगायला मी आत नव्हते.

अकराव्या दिवशी पासपोर्ट आला. व्हिसा ३ मे ते १५ ऑगस्ट, राहण्याचे दिवस ९०. तासाभरात स्टुटगार्टहून मुलीचा फोन: "मॅडम, १५ ऑगस्टपर्यंत आहे! मग तिकीट १४ चं करू?"

ही गफलत मी शेकडो वेळा ऐकली आहे. स्टिकरवरच्या तारखा म्हणजे दाराची चौकट, त्यात १५ दिवस जास्तीचे देतात, प्रवास पुढं-मागं झाला तर. आत राहायचं ते ९० दिवसच. शिवाय तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, आणि उतरल्याचा दिवस मोजायचा, निघाल्याचाही मोजायचा. मेचे २९, जूनचे ३०, जुलैचे ३१. ३१ जुलैला मावशींच्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसलाच पाहिजे. मी एकदा एका जोडप्याचं तिकीट ९१व्या दिवसाचं काढलं होतं. वेळेत ध्यानात आलं, तारीख बदलण्याचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं घरं मोजते. आता तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्यांऐवजी ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली, जास्तीचा दिवस यंत्रच दाखवतं.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगेचा फोटो आला. तिच्यात साडेतीन किलो घरचं तूप, बाळंतिणीसाठी. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि तूप दुधाचंच. खूप रडारड झाली. डिंक आणि खारीक न्या, लाडू तिथल्या लोण्याच्या तुपात वळा, असं सांगून मी फोन ठेवला. तूप दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं माझ्या ऑफिसात आलं.

ऑगस्टमध्ये मावशी पेढे घेऊन आल्या. नात झाली होती. पासपोर्ट उघडून त्यांनी मला दोन्ही शिक्के दाखवले, ३ मे आणि ३१ जुलै. मी म्हटलं, ते प्रतिज्ञापत्र जपून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा लागेल. हक्कसोडपत्राची निबंधकाकडून एक नक्कलही काढून ठेवा.

"भावाला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "म्हणलं, जमीन तुझी, पर त्यो कागद माझा."