पंधराव्या वर्षाआधीची वही

धाकट्या भावाला दारू सोडवण्यासाठी दाखल केले होते. तिसऱ्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांनी आईला आणि मला बोलावले आणि तो पंधरा वर्षांचा होण्याआधी घरात, शाळेत व गल्लीत जे घडले ते कोणताही खुलासा न जोडता लिहून आणायला सांगितले. दारू त्याच्या हाती विसाव्या वर्षी लागली होती आणि डॉक्टरांना दारूच्या आधीचा माणूस पाहायचा होता.

आम्ही शंभर पानी वही घेऊन बसलो. वर्गमित्राची सायकल परस्पर विकली, परीक्षा फी तीनदा खर्चून टाकली, प्रगतिपुस्तकावर बाबांची सही केली, एका मुलाचा हात मोडला आणि त्याच संध्याकाळी दोन वाट्या श्रीखंड मागून खाल्ले, हे सगळे मला तारीखवार आठवत होते. आई मात्र प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘संगतीने’ हा शब्द घालत होती. चौथ्या पानावर तिच्याच लक्षात आले की संगत दरवेळी वेगळी होती आणि मुलगा तोच होता. तिने पेन खाली ठेवले. उरलेली पाने मी एकटीने लिहिली. सायकलीचे पैसे तिने पाटल्या गहाण ठेवून भरले होते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

ती वही, भावाशी झालेल्या अनेक मुलाखती आणि भावजयीचे म्हणणे यांवरून डॉक्टरांनी समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार असे निदान केले. समाजविरोधी म्हणजे माणूसघाणा अशी माझी समजूत होती, आणि आमच्या भावाइतका बोलघेवडा माणूस अख्ख्या नात्यात नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की येथे विरोध माणसांच्या सहवासाला नसतो, त्यांच्या हक्कांना असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषांत कायदा न जुमानणे, फसवणूक, उतावीळपणा, आक्रमकता, स्वतःच्या व इतरांच्या जिवाची बेफिकिरी, सततचा बेजबाबदारपणा आणि पश्चात्तापाचा अभाव अशी सात लक्षणे आहेत. त्यांपैकी किमान तीन असावी लागतात, वय 18 पूर्ण व्हावे लागते आणि वर्तनविकाराच्या खुणा 15 वर्षांच्या आधीपासून दिसाव्या लागतात. त्या वहीचे प्रयोजन मला तेव्हा कळले. शब्दकोशात सापडलेले हे नाव भांडणात कोणाच्याही तोंडावर फेकू नका, असेही त्यांनी बजावले. ते मला पटले, कारण तोवर मी मनातल्या मनात आणखी दोन नातेवाइकांचे निदान करून टाकले होते.

सात लक्षणांपैकी मला सर्वांत जड गेले ते शेवटचे. खोटा धनादेश दिला, भावजयीच्या नावावर कर्ज काढले, त्यानंतर प्रत्येक वेळी तो माझ्या पायांशी बसून रडला होता, आणि ते रडणे खरे की खोटे हे ठरवण्यात मी जवळजवळ बारा वर्षे घालवली. डॉक्टरांनी हा प्रश्नच बाजूला ठेवायला सांगितला. रडल्यानंतरच्या महिन्यात त्याने काय केले, एवढेच पाहा, असे ते म्हणाले. हे ऐकून मला हलके वाटले आणि तेवढाच रागही आला. इतकी साधी गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी होती.

या विकारावर ठरावीक गोळी नाही. व्यसनावर उपचार होतात आणि वर्तनावर काम करणारी गटसत्रे काहींना उपयोगी पडतात, पण त्यासाठी माणसाला तिथे येत राहावे लागते. भाऊ चार सत्रांना गेला. पुढे त्याला जबरदस्तीने ठेवता येईल का, असे मी विचारले, तेव्हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार केवळ नातेवाइकांना वाटते म्हणून कोणाला डांबून ठेवता येत नाही, हे उत्तर मिळाले.

मग समुपदेशन आम्हीच घेतले. भावजयीने दोनदा मार खाल्ल्याचे तिथेच प्रथम उच्चारले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिने न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळवला आणि मुलीला घेऊन वेगळी राहू लागली. आईला तो विश्वासघात वाटला. त्या दोघींमधला अबोला अजून पुरता सुटलेला नाही, आणि आजार एकाचा असताना नाती दुसऱ्यांचीच का तुटावीत, हे मला आजही सलते. आईचे बँकेतील खाते आता आम्हा दोघींच्या सहीने चालते. भावाच्या हाती रोख पैसे द्यायचे नाहीत, हा नियम मी स्वतः दोनदा मोडला आहे.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. मुलीच्या फीसाठी बारा हजार हवेत, असे तो म्हणाला. फी मी शाळेत परस्पर भरते, असे सांगितल्यावर तो मोकळेपणाने हसला, “तायडे, तू फार हुशार झालीस,” म्हणाला, आणि मग माझा गुडघा आता कसा आहे, जिने चढता येतात का, याची दहा मिनिटे चौकशी करत राहिला.