ब्लाइथबरोचं चर्च: दुर्बीण घेऊनच जा

इंग्लंडच्या सफोकमधलं ब्लाइथबरो म्हणजे चार घरांचं गाव, पण होली ट्रिनिटी चर्च अवाढव्य. ‘दलदलीतलं कॅथेड्रल’ म्हणतात ते उगाच नाही. मध्ययुगात इथे भरभराटीचं बंदर होतं. पुढे नदी गाळाने भरली, व्यापार गेला, चर्च उरलं.

बांधकाम १५व्या शतकातलं, इंग्लिश गॉथिकच्या शेवटच्या, ‘पर्पेंडिक्युलर’ शैलीतलं. बाहेर चकमकीच्या दगडाची नक्षी आहे, पण खरी मजा आत. रंगीत काच जवळजवळ नाहीच, त्यामुळे वरच्या खिडक्यांच्या रांगांतून लख्ख उजेड थेट छतावर पडतो. तिथे पंख पसरलेले लाकडी देवदूत, पाठीला पाठ लावून. तुळयांवर लाल-हिरवी नक्षी अजून ओळखू येते. मान मोडेपर्यंत बघा, तरी चेहरे नीट दिसत नाहीत. म्हणून दुर्बीण.

देवदूतांच्या अंगावरची भोकं १६४४ साली मूर्तिभंजक विल्यम डाउसिंगच्या माणसांनी गोळ्या झाडून पाडली, ही गोष्ट हमखास ऐकायला मिळते. रंगतदार आहे, पण लाकडात सापडलेले छर्रे १८व्या शतकातले निघाले. छतात घुसलेले जॅकडॉ पक्षी मारायला उडवलेले! उत्तरेच्या दारावर काळे डाग आहेत. ४ ऑगस्ट १५७७च्या वादळात मनोऱ्याचं शिखर छत फोडून आत कोसळलं, तेव्हा आलेल्या सैतानी काळ्या कुत्र्याची ही नखं म्हणे.

माझं मत विचाराल तर देवदूतांपेक्षा बाकांना जास्त वेळ द्या. बाकांच्या टोकांवर माणसाची पापं कोरली आहेत, अगदी हाताच्या अंतरावर. आळशी अंथरुणातच बसलाय, कंजूष पैशांच्या पेटीवर ठाण मांडून आहे, खादाडाने पोट धरलंय आणि चहाडखोराची जीभ बाहेर लोंबतेय. कोरणाऱ्याने शेजारीपाजारीच पाहिले असणार.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविच, तिथे गाडी बदलून डार्शम. पुढची टॅक्सी आधीच ठरवा, स्टेशनबाहेर उभी मिळेलच असं नाही. ए-१२च्या कडेने चालत जायचा विचार सोडा, वाहनं सुसाट जातात. रविवारी प्रार्थनेची वेळ टाळा. आत गारठा असतो, उन्हाळ्यातही स्वेटर ठेवा. प्रवेश फुकट, पण दानपेटीत काही टाका. एवढं छत सांभाळायला पैसा लागतो.

त्याच टॅक्सीने जवळच्या वेनहॅस्टनलाही जाऊन या. तिथल्या चर्चमध्ये अंतिम न्यायाचं लाकडी फळ्यांवरचं चित्र आहे. चुना फासलेल्या या फळ्या १८९२ साली भंगार समजून अंगणात टाकल्या होत्या. पावसाने चुना धुतला आणि खालचं चित्र दिसलं. अर्धा तास पुरतो.