तानागा आणि बायबायिन: सरावाच्या चौथ्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत मी 1593 साली मनिलात छापलेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरीच्या पानांवरून बायबायिन, म्हणजे फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेची जुनी लिपी, गिरवत होतो. त्या पुस्तकात तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत एकापाठोपाठ असल्यामुळे नवशिक्यासाठी त्याहून चांगले पाठ्यपुस्तक नाही. या महिन्यात मात्र मी कवितेकडे वळलो, आणि गेले तीन महिने मला अडचण वाटणारी गोष्टच मदतीला आली.

बायबायिनमध्ये तीन स्वर आणि चौदा व्यंजने मिळून सतराच अक्षरे आहेत. व्यंजनात आपल्यासारखाच ‘अ’ मिसळलेला असतो. वर कुदलित नावाची खूण केली की त्याचा इ किंवा ए होतो आणि खाली केली की उ किंवा ओ. शब्दाच्या शेवटचे व्यंजन मात्र लिहिलेच जात नाही. ‘लांगित’ म्हणजे आकाश. पण लिपीत फक्त ‘ला-ङि’ उमटते आणि उरलेला ‘त’ वाचणाऱ्याने संदर्भाने भरायचा असतो. अक्षराचा पाय मोडण्याची सोय व्हावी म्हणून फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्याने 1620 च्या सुमारास क्रूसाच्या आकाराचे चिन्ह सुचवले होते, परंतु तागालोग लोकांनी ते स्वीकारले नाही. मला ते चिन्ह हवेसे वाटत होते, कारण वाचताना मी सतत अडखळत असे.

तानागा म्हणजे प्रत्येकी सात अवयवांच्या (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनितुकड्यांच्या) चार ओळींची, एकाच यमकाची छोटी तागालोग कविता. 1754 साली प्रकाशित झालेल्या नोसेदा आणि सानलुकार यांच्या तागालोग शब्दकोशात शब्दांची उदाहरणे म्हणून अशा अनेक कविता आल्या आहेत. धर्मप्रसारासाठी केलेल्या कोशाने मुखोद्गत कविता कागदावर टिकवून ठेवली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. त्यांतली एक मी महिनाभर घोकली. तिचा आशय असा: खुंट्या, पूर आला तरी घट्ट राहा; मी तर इवलेसे शेवाळ, तुलाच बिलगून राहीन.

तिच्या ओळींच्या शेवटी अनुक्रमे ‘तुलोस’, ‘आगोस’, ‘लुमोत’ आणि ‘पुपुलुपोत’ हे शब्द येतात. अभंग-ओवीवर वाढलेल्या माझ्या कानाला ‘स’ आणि ‘त’ यांचे यमक सैल वाटले. तागालोग छंदशास्त्राप्रमाणे मात्र स्वर सारखा असला की ब, क, द, ग, प, स, त ही अंत्य व्यंजने एका गटातली मानतात, आणि ल, म, न, ङ, र, व, य ही दुसऱ्या गटातली. नियम पाठ झाला, पण कानाला पटला नव्हता.

मग बांबूच्या चिरफळीवर, बारीक टोकाच्या सुरीने, मी ती कविता बायबायिनमध्ये कोरली. (मिंदोरो बेटावरचे हानुनुओ मांग्यान लोक आपली सात अवयवांच्या ओळींची आंबाहान कविता बांबूवर अशीच सुरीने कोरत आले आहेत.) कोरून झाल्यावर पाहतो तो काय, शेवटचे ‘स’ आणि ‘त’ दोन्ही गळून गेले होते आणि चारही ओळी तु-लो, आ-गो, लु-मो, पु-पु-लु-पो अशा एकाच स्वरावर थांबत होत्या! शिवाय पहिल्या ओळीत का-ति-ति-बा-का-तु-लो अशी मोजून सात अक्षरे होती. उच्चारातला एक अवयव म्हणजे लिपीतले एक अक्षर, असा हिशेब चारही ओळींत जुळला: एकूण अठ्ठावीस. छंद लिपीमुळे घडला असे मी म्हणत नाही, कारण गाणे लिहिण्याच्या आधीचे असते. पण त्या यमकाकडे कसे पाहावे हे मला बांबूने दाखवले.

आता त्याच नियमाने मराठीत तानागा रचण्याचा प्रयत्न सुरू आहे. दोन ओळी झाल्या आहेत:

पाण्यात बुडे काठ
धरून ठेव हात

अक्षरे मोजली तर दोन्ही ओळी सातच्या भरतात. परंतु उच्चारात ‘काठ’ आणि ‘हात’ एकेकच अवयवाचे असल्यामुळे तागालोग मापाने त्या तोकड्या पडतात. ओवीप्रमाणे अक्षरे मोजावीत की तानागाप्रमाणे उच्चार, हे ठरल्याशिवाय उरलेल्या दोन ओळी मी लिहिणार नाही. तोवर तागालोग कवी बालाग्तास यांच्या 1838 च्या दीर्घकाव्यातली बारा अवयवांची ओळ, सहाव्या अवयवानंतरचा विराम सांभाळून, रोज सकाळी मोठ्याने वाचतो आहे.