धबधब्याखाली पोहायचं, पण कुणीतरी बघत असताना

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील आले की पहिली गाडी नायगाऱ्याकडे वळते. नायगारा बघावाच, पण तो कठड्याआडून बघायचा. ज्याच्या पाण्यात उतरता येईल असा धबधबा हवा असेल, तर न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाठा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून चार-साडेचार तास लागतात. गावाभोवती रॉबर्ट ट्रेमन, बटरमिल्क फॉल्स आणि टगॅनक फॉल्स ही स्टेट पार्क्स आहेत, तासाभराच्या आत वॉटकिन्स ग्लेनची घळ आहे, आणि चारही ठिकाणी तंबू ठोकायची सोय आहे. मोठ्या नॅशनल पार्कांचा गाजावाजा जास्त असतो. घरच्यांबरोबर दोन रात्री काढायला मला मात्र ही राज्य सरकारची उद्यानंच आवडतात.

यंदा आई आली होती, म्हणून आम्ही ट्रेमन निवडलं. इथल्या घळीत लहानमोठे बारा धबधबे आहेत. सगळ्यात मोठा लूसिफर फॉल्स, 115 फुटांचा. आपल्या सह्याद्रीचा कातळ काळाभोर आणि अखंड. इथला दगड पापुद्र्यापापुद्र्यांचा. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचे हे थर. हिमयुग सरल्यावर ओढ्यांनी ते कापत नेले. त्यामुळे पाणी एकदम खाली कोसळत नाही, पायरी-पायरीनं उतरतं.

लूसिफरच्या कडेनं माणसांसाठीही दगडी जिना आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला हातभर जाडीची दगडी भिंत. आई मध्येच थांबली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे काम मशीनचं नाही गं. हे माणसांनी घडवलंय." तिनं बरोबर ओळखलं. 1930च्या दशकातल्या महामंदीत रूझवेल्ट सरकारनं बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर नावाची योजना काढली होती. राहणं-खाणं सरकारचं, महिन्याला 30 डॉलर पगार, आणि त्यातले साधारण 25 थेट घरी धाडायचे. त्या पोरांनी इथल्या वाटा, पूल, जिने बांधले. 1935च्या पुरानं बरंच वाहून नेलं, ते पुन्हा उभं केलं.

हे सांगितल्यावर आई तिथंच पायरीवर बसली. ती माण तालुक्यातली. 1972च्या दुष्काळात तिची आई खडी फोडायला जात होती, आणि ही दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन कामावर भाकरी पोचवायची. त्याच कामांतून पुढे आपली रोजगार हमी योजना उभी राहिली. आजीनं फोडलेल्या खडीचा रस्ता आजही वापरात आहे, असं ती सांगत होती आणि माझा मुलगा पहिल्यांदाच आजीकडे तोंड उघडं ठेवून बघत होता. उपाशी माणसाच्या हाताला काम दिलं की काय उभं राहतं, ते त्याला पुस्तकात इतकं कळलं नसतं.

पोहायचं ठिकाण खाली, लोअर फॉल्सच्या पायथ्याशी. ओढ्याचंच पाणी अडवून केलेला डोह, समोर रुंद धबधबा, एका बाजूला उडी मारायची फळी. पाणी भर जुलैतही असं गार की पहिल्या क्षणी श्वास अडकतो. आई लहानपणी विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली. अंगभर पोहण्याचा पोशाख घालून ती शांतपणे उतरली आणि धबधब्याच्या दिशेनं हात मारू लागली.

मी मात्र लाइफगार्डकडेच बघत बसले होते. उंच खुर्चीवर विशीतली एक मुलगी, गळ्यात शिट्टी, मान सतत डावीकडून उजवीकडे फिरती. पाळी बदलताना नवा गार्ड आधी येऊन पाण्यावर नजर लावतो, मग जुना खाली उतरतो. मधला एक क्षणही मोकळा सुटत नाही. गार्ड नसेल तर पोहणं बंद. जोराचा पाऊस होऊन पाणी गढूळ झालं, तळ दिसेना, तरी बंद. कुणी हुज्जत घालत नाही. टगॅनकचा धबधबा 215 फुटांचा, नायगाऱ्यापेक्षाही उंच. त्याच्या पायथ्याशी दगड कोसळतात, म्हणून तिथे पोहायला मनाई. पोहायचं ते त्याच उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला, कायुगा तळ्याच्या काठी, तेही गार्डसमोर.

हे बघताना भुशी धरण आठवतंच. जून 2024मध्ये तिथल्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. दरवर्षी असं काही घडतं, मग मनाईचा आदेश निघतो आणि पुढच्या रविवारी लोक पुन्हा पाण्यात. सह्याद्रीचं पावसाळी पाणी फार वेगळं, मिनिटांत चढतं. तिथे भर पावसात कुणी उतरूच नये. पण पाऊस ओसरल्यावर सुरक्षित असे थोडे डोह ठरवून, दोरी बांधून, गावातल्याच पट्टीच्या पोहणाऱ्यांना प्रशिक्षण आणि पगार देऊन तिथे का बसवू नये? गोव्यात दूधसागरावर जीवरक्षक असतात. म्हणजे आपल्याकडे जमत नाही असं काही नाही.

रात्री तंबूपुढे कणसं भाजली. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल आणि आगीसाठी लोखंडी कडं असतं. लाकडं मात्र तिथल्याच आसपासची घ्यायची. भट्टीत तापवलेली नसतील तर 50 मैलांपलीकडून आणायला कायद्यानं बंदी आहे, कारण ॲश झाडांना मारणारी कीड सालीखाली बसून लाकडाबरोबर प्रवास करते. खाण्याचे डबे झोपण्याआधी गाडीत टाकायचे, नाहीतर रकून नावाचे रानटी प्राणी येऊन सगळं पसरतात. रात्री दहानंतर आवाज बंद.

पुढच्या उन्हाळ्यात लेकाकडे-लेकीकडे येणार असाल, तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा: न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कांचं बुकिंग नऊ महिने आधी उघडतं, आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार झटकन संपतात. पोहणं साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. निघायच्या सकाळी उद्यानाला फोन करून पोहणं चालू आहे ना ते विचारा. पाण्यात घालायचे बूट आणा, दगड निसरडे असतात. आणि गुडघे दुखत असतील तर लूसिफरचा जिना सोडून द्या. लोअर फॉल्सपर्यंत गाडीतळावरून थोडंच चालावं लागतं.